स्वस्ताई कोणाच्या खात्यावर?
परदेशातून अमळनेरला परतणाऱ्या कुटुंबाच्या जमाखर्चाचा विचार

एके काळी आपल्या समाजातील तरुण व्यापारासाठी गाव सोडीत, ते फार तर सुरत, मुंबई, पुणे इथवर जात. आज अमळनेर, पारोळा, चोपडा, धरणगाव येथील पेढीवाल्या घरांतही एखादा मुलगा अथवा मुलगी अमेरिकेत, दुबईत वा सिंगापुरात असते. या मुलांच्या जाण्याचे कौतुक आपण पुष्कळ केले. आता त्यांच्या परतण्याचा प्रश्न घरोघरी निघू लागला आहे. आई-वडिलांची वये झालेली असतात, मुलांना आजी-आजोबा हवे असतात, आणि व्हिसाची शाश्वती पूर्वीसारखी राहिलेली नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावले, तेव्हापासून ही चर्चा अधिकच गंभीर झाली आहे.

या चर्चेत सर्वांत आधी पुढे येणारा मुद्दा म्हणजे, ‘इथे किती स्वस्त आहे!’ मुद्दा खोटा नाही. पण व्यापाऱ्याच्या घरात एवढ्यावर व्यवहार ठरत नसतो. माल स्वस्त पडला, तर तो का पडला आणि फरक कोणी सोसला, हे आपण पाहतो. परतणाऱ्याच्या स्वस्ताईलाही हाच प्रश्न विचारायला हवा.

डॉलरचा गुणाकार

परदेशातून आलेला माणूस प्रत्येक वस्तूची किंमत मनातल्या मनात डॉलरमध्ये मोजतो. केस कापणे, कपडे शिवणे, घरकामाच्या बाईंचा महिन्याचा पगार, सारेच त्याला नगण्य वाटते. परंतु चलनाचा विनिमय दर हा जगण्याच्या खर्चाचा गज नव्हे.

याचे उत्तम उदाहरण १९६६ चे आहे. त्या वर्षी ६ जून रोजी सरकारने रुपयाचे अवमूल्यन केले आणि ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर साडेसात रुपयांचा झाला. एका दिवसात डॉलर सुमारे ५७ टक्क्यांनी महागला. म्हणून दुसऱ्या दिवशी अमळनेरच्या बाजारात दादर ज्वारी दीडपट भावाने विकली गेली नाही, की हमालाची मजुरी दीडपट झाली नाही. भाकरीचा भाव आणि डॉलरचा भाव वेगवेगळ्या तराजूंत तोलले जातात.

हाच फरक मोजण्यासाठी जागतिक बँकेच्या पुढाकाराने निरनिराळ्या देशांतील किमतींची तुलना केली जाते. २०१७ च्या तुलनेत असे दिसले की, अमेरिकेत एका डॉलरला मिळणारा माल व सेवा भारतात सरासरी २० रुपये ६५ पैशांत मिळत होत्या. त्या वेळी बाजारात डॉलर मात्र ६५ रुपयांच्या घरात होता. म्हणजे डॉलर आणून इथे खर्च करणाऱ्याला तिप्पट माल मिळत होता. ही सरासरी आहे, हे मात्र विसरू नये. माणसाच्या श्रमाने होणारी कामे आणि आसपास पिकणारा भाजीपाला इथे फार स्वस्त असतो. पेट्रोल, सोने, मोबाइल, संगणक, विमानाचे तिकीट यांना जगाचाच भाव लागू असतो. जे कुटुंब पहिल्या प्रकारच्या खर्चावर जगते त्याला गाव स्वस्त वाटते. जे दुसऱ्या प्रकारच्या खर्चाची सवय घेऊन येते त्याला नाही.

सहा हजार डॉलरची वही

आता एक कल्पित वही उघडू. न्यू जर्सीत राहणाऱ्या चौघांच्या कुटुंबाचा महिन्याचा खर्च ६,००० डॉलर आहे असे धरू. घरभाडे २,४००, लहान मुलाचे पाळणाघर १,२००, किराणा व जेवणखाण ८००, मोटारीचा खर्च ७००, आरोग्यविम्याचा आपला वाटा ५०० आणि किरकोळ ४००. हिशेबाच्या सोयीसाठी डॉलरचा भाव ९० रुपये धरला, तर ही रक्कम ५,४०,००० रुपये होते. अमळनेरात राहून महिन्याला इतके खर्च करणे कठीणच. त्यामुळे ‘तिथल्या बचतीवर इथे निवांत राहू’ हा निष्कर्ष सहज काढला जातो.

पण खाती वेगळी करून पाहा. भाडे आणि पाळणाघर मिळून ३,६०० डॉलर होतात, म्हणजे एकूण खर्चाचा साठ टक्के भाग. अमळनेरला आल्यावर ही दोन्ही खाती जवळजवळ शून्य होतात. का होतात? गावात घरे फुकट मिळतात म्हणून नव्हे. आजोबांनी बांधलेले घर उभे आहे, थोरल्या भावाने त्याची गच्ची दोनदा दुरुस्त केली आहे, घरपट्टी वेळेवर भरली आहे, आणि नातवाला सांभाळायला आजी तयार आहे म्हणून.

याचाच अर्थ, बचतीचा मोठा भाग गावाच्या स्वस्ताईचा नाही. तो घरच्या माणसांनी दिलेला आहे. ज्याचे गावात घर नाही किंवा ज्याचे आई-वडील थकले आहेत, त्याची वही याच गावात अगदी वेगळी दिसेल. आपल्या पेढीवर कोणी बिनव्याजी भांडवल ठेवले, तर त्याचे नाव आपण खतावणीत जमेच्या बाजूला लिहितो. परतणाऱ्या मुलाच्या वहीत मात्र आई-वडिलांचे आणि भावाचे नाव बहुधा कुठेच नसते. पुढच्या कटुतेचे मूळ येथेच असते.

नावे पडणारी नवी खाती

जी खाती बंद होतात, त्यांच्या जागी काही नवी उघडतात. अमेरिकेत मुलांची सरकारी शाळा विनाशुल्क असते. इथे मनासारख्या इंग्रजी शाळेची फी, बस, शिकवणी हा सारा खर्च घरचा. नळाला चोवीस तास पाणी आणि न जाणारी वीज तिथे गृहीत धरलेली असते. इथे टाकी, पंप, इन्व्हर्टर, पाण्याचे शुद्धीकरण यंत्र ही व्यवस्था ज्याची त्याने करायची. मोठ्या दुखण्यासाठी धुळे किंवा जळगाव, आणि त्याहून मोठ्यासाठी नाशिक, मुंबई गाठावी लागते. तेव्हा रुग्णालयाच्या बिलाबरोबर प्रवासाचा व मुक्कामाचा खर्चही येतो.

आरोग्याच्या खात्याकडे विशेष लक्ष हवे. विमा घेण्यापूर्वीपासून असलेल्या आजारांसाठी विमा कंपन्यांना कमाल तीन वर्षांचा प्रतीक्षाकाळ ठेवता येतो. मधुमेह वा रक्तदाब घेऊन परतणाऱ्याने येथे आल्यावर विमा घेतला, तर तेवढी वर्षे तो या आजारांपुरता उघडा राहू शकतो. म्हणून भारतातील विमा परतण्याच्या दोन-तीन वर्षे आधीच सुरू करणे शहाणपणाचे. व्यक्तिगत आरोग्यविम्यावरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून माफ झाला आहे. सत्तर वर्षांवरील वडीलधाऱ्यांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेखाली वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण मिळते. त्याचे कार्ड घरातील प्रत्येक ज्येष्ठाचे काढून ठेवावे.

परदेशात जन्मलेल्या व ओसीआय कार्ड असलेल्या मुलांच्या पालकांनी आणखी एक खाते पाहावे. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार, वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांत अशा मुलांना अनिवासी भारतीयांच्या बरोबरीने धरले जाते; केवळ भारतीय नागरिकांसाठी असलेल्या जागा त्यांना मिळत नाहीत. आज दुसरीत असलेल्या मुलीला डॉक्टर करायचे स्वप्न असेल, तर तिच्या नागरिकत्वाचा विचार आजच करायला हवा. दहा वर्षांनी तो फीच्या रूपाने समोर येईल.

राहिला व्यवहार. परदेशात राहणारा भाऊ लग्नाला येऊ शकला नाही, तर लोक समजून घेतात. गावात राहणाऱ्याला ती सवलत नाही. लग्ने, आहेर, मामेरे, आजारपणाची विचारपूस, चातुर्मासातील गौतम प्रसादी, संघाचा फाळा, गोशाळेची देणगी हे सर्व वर्षभर चालू राहते. हा खर्च वाईट नाही. संकटात शंभर माणसे दारात उभी राहतात ती याच नात्यांमुळे. पण तो खर्चच आहे, आणि ‘परदेशातून आलेले’ म्हणून पावतीपुस्तक पुढे येते तेव्हा आकड्याची अपेक्षाही थोडी मोठी असते.

मुद्दल आणि महागाई

खर्च किती, यापेक्षा उत्पन्न कोणत्या चलनात, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा. समजा, एकाने दोन कोटी रुपये घेऊन परत येण्याचे ठरवले. सात टक्के व्याज धरले तर वर्षाला १४ लाख, म्हणजे महिन्याला सुमारे १,१६,००० रुपये येतात. घरखर्च ८०,००० आहे. कर बाजूला ठेवला, तर दरमहा ३६,००० शिल्लक दिसते आणि मन निर्धास्त होते. आता किमती दरवर्षी सहा टक्क्यांनी वाढतात असे धरा. बारा वर्षांत खर्च दुप्पट, म्हणजे १,६०,००० होईल. व्याज मात्र तेवढेच राहील. शिल्लक खाऊन टाकली असेल, तर बाराव्या वर्षी महिन्याला ४४,००० ची तूट येईल, आणि तेव्हा नेमकी मुले महाविद्यालयात असतील.

कराची बाजू परतण्याची तारीख ठरवण्यापूर्वी समजून घ्यावी. मागील दहा वर्षांपैकी नऊ वर्षे अनिवासी असलेल्या, अथवा मागील सात वर्षांत मिळून ७२९ दिवसांहून अधिक भारतात न राहिलेल्या व्यक्तीला परतल्यानंतर काही काळ ‘सामान्य रहिवासी नसलेला’ रहिवासी असा दर्जा मिळतो. दीर्घकाळ बाहेर राहिलेल्यांना तो साधारण दोन वर्षे, कधी तीनही वर्षे लाभतो. या काळात परदेशात मिळणाऱ्या उत्पन्नावर येथे कर लागत नाही. मात्र परदेशातील धंदा इथे बसून चालवला, तर त्याचे उत्पन्न करपात्र ठरते. आपल्यासारख्या व्यापारी घरांनी हा अपवाद ध्यानात ठेवावा. कायमचे परतल्यावर एनआरई खाते तसेच चालू ठेवता येत नाही; त्याचे निवासी खात्यात किंवा निवासी विदेशी चलन खात्यात रूपांतर करावे लागते.

अमेरिकेतील निवृत्तिवेतनासाठी साधारणपणे ४० क्रेडिट, म्हणजे किमान दहा वर्षांची नोकरी लागते. भारत आणि अमेरिका यांच्यात याबाबत करार नसल्याने तिथली वर्षे इथल्या सेवेत मिळवता येत नाहीत. नऊ वर्षे पूर्ण केलेल्याने केवळ घाईमुळे हा हक्क सोडू नये.

मुद्दलाविषयी अमळनेरला कोणी बाहेरून येऊन शिकवावे असे नाही. डिसेंबर १९४५ मध्ये स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्सचा वनस्पती तुपाचा कारखाना याच गावी उभा राहिला. ऑगस्ट १९६६ मध्ये संस्थापक महंमद हाशम प्रेमजी निवर्तले, आणि स्टॅनफर्ड विद्यापीठात अभियांत्रिकी शिकणारे त्यांचे २१ वर्षांचे चिरंजीव अझीम प्रेमजी शिक्षण अर्धवट टाकून परत आले. डॉलर दीडपट झाला त्याच उन्हाळ्यानंतरची ही गोष्ट. पुढे त्याच कंपनीची विप्रो झाली. गावातील ज्या कुटुंबांनी तिचे समभाग घेऊन बोनसासह पिढ्यान्‌पिढ्या जपले, त्यांची भरभराट सर्वश्रुत आहे. ती भरभराट गावात राहणे स्वस्त होते म्हणून झाली नाही. मुद्दलाला हात न लावता, घरखर्च चालू कमाईतून भागवला, म्हणून झाली.

घरातला ताळेबंद

शेवटी प्रश्न घरातल्या माणसांपाशी येतो. धाकटा पंधरा वर्षांनी परततो. थोरला या काळात पेढी, आई-वडील आणि सोयरेधायरे सांभाळत राहिलेला असतो. धाकट्याला वाटते, मी परदेशातून पैसे पाठवले, घराला रंग माझ्या पैशाने लागला. थोरल्याला वाटते, रात्री-अपरात्री दवाखान्यात मी धावलो, त्याचा हिशेब कोणी लिहिला? दोघेही खरे असतात. धाकटा खोलीत वातानुकूलन यंत्र लावतो, विजेचे बिल मात्र एकत्र येते. त्याची मुले वेगळ्या शाळेत जातात. घरकामाच्या बाईंना तो मोकळ्या हाताने जास्त देतो, आणि वहिनींना वाटते की आपण इतकी वर्षे कंजूष ठरलो. रक्कम क्षुल्लक असते. पण अढी बसते.

याला उपाय एकच, आणि तो आपल्याला परका नाही. भागीदारी करताना आपण सख्ख्या भावाबरोबरही करारपत्र करतो. तसेच परतण्यापूर्वी सर्वांनी एकत्र बसून काही गोष्टी लिहून काढाव्यात. चूल एक राहणार की दोन? एक असेल तर दरमहा कोणी किती घालायचे? दुरुस्ती, वीज, मोटार, आई-वडिलांचे औषधपाणी यांचा वाटा कसा? परतणारा पेढीवर बसणार असेल, तर पगारावर की भागीदार म्हणून. आणि भागीदार असेल तर भांडवल किती घेऊन? संघाच्या व नात्यातल्या देण्याघेण्यात घराचे नाव एक की दोन? घर व आई-वडील सांभाळणाऱ्या भावाच्या श्रमांना रुपयांत मोल लावता येणार नाही. पण वाटणीच्या वेळी त्यांची नोंद व्हावी, एवढे तरी आधी मान्य करता येईल.

त्यानंतर एक वर्ष प्रत्यक्ष रोजमेळ ठेवावा. दिवाळीच्या वहीपूजनाला नवी वही घ्यावी आणि पुढच्या दिवाळीपर्यंत प्रत्येक खर्च रुपयांतच लिहावा, डॉलरचा गुणाकार न करता. तोपर्यंत परदेशातील घर विकू नये आणि इथे मोठी खरेदी करू नये. एका वर्षात चातुर्मास येतो, लग्नसराई येते, मे महिन्याचे ऊन येते, एखादे आजारपणही येते. त्या वहीत भाड्याच्या आणि पाळणाघराच्या खात्यावर जे शून्य दिसेल, त्याच्या समोर ते कोणामुळे आहे त्यांची नावे लिहावीत, आणि ताळेबंद मांडताना तेवढे पान आई-वडिलांना व भावाला वाचून दाखवावे.