पांढरे उंदीर पाळून विकायचेत? आधी एक पावसाळा काढून दाखवा

पाळीव उंदरांच्या व्यवसायाबद्दल व्हिडिओत बोललो, पण आरोग्याच्या भागाला वेळ कमी पडला. खरं तर तोच भाग मोठा हवा होता. या धंद्यात माल म्हणजे जीव आहे आणि तो आजारी पडला की तुमचं भांडवल पिंजऱ्यातच मरतं. म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. मराठीत आपण दोघांनाही उंदीरच म्हणतो, पण विकताना ते दोन वेगळे प्राणी आहेत. माऊस म्हणजे छोटा, साधारण 20 ते 40 ग्रॅमचा, दीड-दोन वर्षं जगणारा. रॅट म्हणजे मोठा, पाव ते अर्धा किलोचा, दोन ते तीन वर्षं जगणारा. रॅट माणसाळतो, हाक ओळखतो, खांद्यावर बसतो. माऊस बघायला गोड, पण हाताळायला रॅटइतका सोपा नाही. दोघांना एका पिंजऱ्यात कधीच ठेवू नका, रॅट माऊसला मारतो. आणि घरातला किंवा शेतातला उंदीर पकडून "पाळीव" म्हणून विकायचा विचार असेल तर हा लेख इथेच बंद करा.

आमच्या बॅचमधल्या एका मुलाने मार्चमध्ये रॅटच्या दोन जोड्या आणल्या. मेपर्यंत सगळं मस्त. पिल्लं झाली, फोटो झाले, दोन गिऱ्हाइकंही ठरली. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात त्याचा फोन आला, "सर, नाकातून रक्त येतंय सगळ्यांच्या." ते रक्त नव्हतं. पण ऑगस्ट उजाडेपर्यंत निम्म्याहून जास्त जनावरं गेली होती. त्याने खायला कमी घातलं नव्हतं, माया तर अजिबात कमी नव्हती. चुकली ती हवा.

हवेचं गणित नीट समजून घ्या. उंदरांना मानवणारी आर्द्रता साधारण 40 ते 70 टक्के आणि तापमान 20 ते 26 अंश. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर भिंतीला हात लावला तरी ओल लागते, कपडे तीन दिवस वाळत नाहीत. अशा हवेत पिंजऱ्यातला भुसा सुकत नाही. लघवीतल्या युरियापासून जिवाणू अमोनिया तयार करतात आणि ओल असली की हे काम जोरात चालतं. तुमचं नाक पाच फुटांवर, उंदराचं नाक त्या भुशातच. तुम्हाला खोलीत शिरताना उग्र वास आला, तर उंदीर तो कित्येक दिवस चोवीस तास घेतोय असं समजा.

आता दुसरी बाजू. पाळीव रॅटमध्ये मायकोप्लाझ्मा पल्मोनिस नावाचा जिवाणू फार सर्रास असतो. जनावर वरून धडधाकट दिसतं, जिवाणू श्वसनमार्गात गप्प बसलेला असतो. अमोनियाने नाकाचा आणि श्वासनलिकेचा आतला थर दुखावला की तो उठतो. मग शिंका, श्वास घेताना बारीक कटकट असा आवाज, केस पिंजारलेले, पाठ वाकलेली. डोळ्याच्या कडेला आणि नाकाशी लालसर स्राव दिसतो. त्याला पॉर्फिरिन म्हणतात. तो डोळ्यामागच्या ग्रंथीतून येतो आणि वाळल्यावर हुबेहूब रक्तासारखा दिसतो. एखाद्या सकाळी थोडासा दिसला तर घाबरू नका. रोज दिसला तर जनावर ताणात आहे किंवा आजारी आहे. डॉक्टर अँटिबायोटिक देतात, त्याने त्रास आटोक्यात येतो, पण जिवाणू पुरता जाईलच असं नाही. म्हणजे इथे औषधापेक्षा हवाच स्वस्त पडते.

करायचं काय? काचेची फिश टँक विसरा. दिसायला छान, पण आतली हवा हलत नाही. जाळीचा पिंजरा घ्या, पण तळ मात्र सपाट हवा. तारेच्या तळावर चालून पायाला जखमा होतात आणि त्या चिघळतात. दोन-तीन रॅटना निदान दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच एवढी जागा द्या. पिंजरा भिंतीला टेकवू नका, जमिनीपासून वर ठेवा. खोलीला समोरासमोर झडपा असाव्यात, पण वाऱ्याचा झोत थेट पिंजऱ्यावर नको. एक साधा आर्द्रतामापक लावा, फार महाग नसतो. आकडा 80 च्या वर राहू लागला की अंथरूण आठवड्यातून एकदा नव्हे, दोन-तीनदा बदला आणि पिंजऱ्यातली गर्दी कमी करा. पावसाळ्यात मी तर म्हणेन नवीन पिल्लावळ काढूच नका. धंद्याला सुट्टी द्या, आंबावाले नाही का देत! बदलताना जुन्या अंथरुणाची एखादी कोरडी मूठ परत टाका. सगळाच ओळखीचा वास गेला की जनावर बावरतं, नर माऊस तर जास्तच मुतून ठेवतो.

अंथरूण कसलं? वखारीतला भुसा फुकट मिळतो म्हणून आणू नका. कोणत्या लाकडाचा आहे हे माहीत नसतं, धूळ भरपूर असते, आणि पाइन-देवदारासारख्या वासाच्या लाकडाने श्वासाला आणि यकृताला त्रास होतो. भाताचं तूसही धुळकट असतं. पेंढ्याला आपल्याकडे बुरशी धरते. सगळ्यात सोपं म्हणजे झेरॉक्सच्या दुकानातला कोरा कागद, पट्ट्या करून. रोज थोडं काम वाढतं, पण फुफ्फुसं वाचतात. उंदरांच्या खोलीत मच्छर कॉइल, उदबत्ती, चुलीचा धूर यातलं काहीही नको. नुसता माळा मोकळा आहे म्हणून चुलीच्या वरच्या माळ्यावर पिंजरे ठेवणारे मी पाहिलेत.

खाण्याचं थोडक्यात. माऊस दिवसाला चार-पाच ग्रॅम खातो, रॅट पंधरा-वीस. म्हणजे 20 रॅट धरले तर रोजचे 400 ग्रॅम, महिन्याला 12 किलो. हा आकडा आधी वहीत लिहा, मग नफ्याची स्वप्नं बघा. नुसत्या भातावर जनावर जगतं, वाढत नाही. 16 ते 20 टक्के प्रथिनं असलेलं उंदरांचं तयार खाद्य हा पाया, वरून मोड आलेले मूग, भाजी, कधी उकडलेल्या अंड्याचा तुकडा. कोंबडीखाद्य चालेल का, हे सगळे विचारतात. नाही. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात कॅल्शियम अंड्याच्या हिशोबाने असतं आणि काही खाद्यांत औषधंही मिसळलेली असतात. कुबट वास आलेले शेंगदाणे किंवा मका तर "उंदरांना काय होतंय" म्हणून घालू नका. त्यातल्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन थेट यकृत खातं. आणि उंदराला उलटी करता येत नाही, पोटात गेलं ते गेलं. हापूसची बारीक फोड कधीतरी चालेल, जास्त नको, साखर फार. संत्र्या-लिंबाची साल नर रॅटला नकोच. त्या सालीतल्या लिमोनीनने नर रॅटच्या मूत्रपिंडाला इजा होते हे प्रयोगांत दिसलं आहे.

आता कोकणातले खास शत्रू. पहिला मुंगी. नवजात पिल्लं बिनकेसांची, डोळे मिटलेली असतात. मुंग्यांची रांग रात्रीत अख्खी वीण संपवते. आपल्या आज्या जाळीच्या कपाटाच्या पायाखाली पाण्याच्या वाट्या ठेवायच्या, तेच करा. फक्त पाणी आठवड्याच्या आत बदला, नाहीतर डासांची वीण तयार होईल. दुसरा शत्रू बाहेरचा उंदीर. तो पिसवा आणतो, आणि त्याच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस येतो. पावसाळ्यात कोकणात हा आजार माणसांना होतो हे तुम्हाला सांगायला नको. खाद्य पत्र्याच्या डब्यात, पिंजरा उचलताना हातमोजे, पायाला जखम असेल तर अनवाणी शिरायचं नाही, काम झालं की साबणाने हात. उंदीर चावला आणि नंतर ताप आला तर डॉक्टरांना "मी उंदीर पाळतो" हे स्पष्ट सांगा. लाजू नका, त्यावर निदान अवलंबून असतं. तिसरा पाहुणा साप. उंदरांच्या वासाने धामण येते, आणि कधी धामण नसून नाग किंवा घोणसही असू शकतो. खोलीच्या झडपांना बारीक जाळी लावाच. माऊसच्या पिंजऱ्याच्या जाळीचं छिद्र पाव इंचाहून मोठं नको, रॅटला अर्धा इंच चालतं.

विणीबद्दल एक आकडेमोड. माऊसचा गाभणकाळ 19 ते 21 दिवस, रॅटचा 21 ते 23. एका वेळी आठ-दहा पिल्लं. व्यायल्यानंतर चोवीस तासांच्या आत मादी पुन्हा गाभण राहू शकते. पाच माद्या आणि नर तसाच आत ठेवलात तर महिन्याभरात 40 पिल्लं, आणि ती दूध सुटतात न सुटतात तोच पुढची 40. माद्या खंगतात, पिल्लं बारकी निघतात, गर्दी वाढते, अमोनिया वाढतो. पुढचं मी वर सांगितलंच आहे. मादी गाभण दिसली की नर वेगळा. पिल्लं तीन आठवड्यांनी आईपासून सुटतात. पाचव्या आठवड्याच्या आत नर-मादी वेगळे केलेच पाहिजेत. ओळखायला सोपं आहे, मूत्रद्वार आणि गुदद्वार यातलं अंतर नरात मादीच्या जवळपास दुप्पट असतं. मोठे नर माऊस एकत्र ठेवले की रक्तपात होतो, नर रॅट मात्र एकत्र राहतात. रॅटला एकटं तर ठेवूच नका, तो झुरतो. गिऱ्हाइकाला एकच रॅट हवा असेल तर दोन घ्यायला सांगा. इथे विक्री आणि जनावराचं भलं एकाच बाजूला आहे, असं धंद्यात क्वचित होतं.

आता माझी आवडती गोष्ट. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रॅनबी गावात अ‍ॅबी लॅथ्रोप नावाच्या निवृत्त शिक्षिका होत्या. कोंबड्या पाळल्या, जमलं नाही. मग 1900 च्या सुमाराला त्यांनी शौकिनांसाठी उंदीर पाळायला सुरुवात केली. पुढे संशोधक त्यांचं गिऱ्हाईक झाले. बाईंचं वेगळेपण काय, तर वही. कोणाची कोणापासून वीण, कोण कधी आजारी पडलं, सगळी नोंद. काही उंदरांच्या अंगावर विचित्र गाठी दिसल्यावर त्यांनी ते जनावर गुपचूप विकून टाकलं नाही, शास्त्रज्ञांकडे तपासायला पाठवलं. त्या गाठी कर्करोगाच्या निघाल्या आणि त्यातून लिओ लोब या शास्त्रज्ञाबरोबर त्यांचे शोधनिबंध झाले. आज जगभरच्या प्रयोगशाळांत वापरला जाणारा काळा उंदीर, सी-57 ब्लॅक-6, त्याचा वंश ग्रॅनबीच्या त्या शेडपर्यंत जातो.

तुमच्याही वहीत हे हवं: दर आठवड्याचं वजन, जन्म, मृत्यू, आई-बाप, कोणाला विकला. रॅटचं वजन दोन आठवडे सतत घसरलं तर शिंक यायच्या आधीच वही सांगते. मादी रॅटला स्तनाच्या गाठी बऱ्याचदा होतात. ज्या वंशात त्या वारंवार येतात किंवा जिथे श्वासाचा त्रास लहानपणीच सुरू होतो, त्या वंशाची वीण थांबवा. नवीन आणलेलं जनावर निदान दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत, आणि त्याचं काम दिवसाच्या शेवटी.

कायद्याचं पटकन. पेट शॉप नियम, 2018 मध्ये उंदीरवर्गीय पाळीव प्राणीही येतात. दुकान असो वा ऑनलाइन विक्री, राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. दूध न सुटलेलं पिल्लू विकता येत नाही, आणि अठरा वर्षांखालच्या मुलाला विक्री करता येत नाही. प्रयोगशाळांना पुरवायचे असतील तर त्याची केंद्राची नोंदणी पूर्ण वेगळी आहे. तो घरगुती धंदा नव्हे. "कॉलेजला विच्छेदनासाठी लागतात" असं अजून कोणी सांगत असेल तर ते जुनं झालं. विद्यापीठ अनुदान आयोगाने विच्छेदन टप्प्याटप्प्याने बंद करायला 2011 सालीच सांगितलं.

शेवटचा मुद्दा डॉक्टरांचा. आपल्याकडचे बरेचसे पशुवैद्य गाई-म्हशी, शेळ्या, कुत्री बघतात. 300 ग्रॅमच्या जनावराचा डोस हा वेगळा विषय आहे. अंगावर पिसवा-कीड झाली म्हणून गुरांचं आयव्हरमेक्टिन अंदाजाने थेंबभर दिलं तर उंदीर मरू शकतो. म्हणून जनावर आणायच्या आधी डॉक्टरांना भेटा, "रॅट बघाल का?" असं सरळ विचारा. ते नाही म्हणाले तर शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा मुंबईत परळचं, इथे फोनवर सल्ला मिळेल का याची चौकशी आधीच करून ठेवा. आणि घरात ग्रॅममध्ये मोजणारा छोटा काटा आत्ताच घ्या. फोनवर डॉक्टर पहिलं वजनच विचारतील.