झाकणाखालची पत्ती

सेमी-ऑटोमॅटिक मशीनच्या ड्रायरचा टायमर फिरवला आणि नुसतीच टिकटिक ऐकू आली, तर आधी झाकणाकडे बघावं. मोटर आणि कपॅसिटर यांचा नंबर नंतर. या यंत्राचा बिघाड बराचसा कानाने कळतो, आणि तो रोज मशीन लावणाऱ्या माणसाला जितका लवकर कळतो तितका दुसऱ्या कुणाला कळत नाही. टिकटिक चालू पण मोटर अगदी गप्प, म्हणजे वीज मोटरपर्यंत पोचतच नाही. मोटर घोंगावते पण टब हलत नाही, म्हणजे वीज पोचते आहे. तेव्हा कपॅसिटर गेलेला असतो, ब्रेक चिकटलेला असतो, नाहीतर टबाखाली एखादा मोजा जाऊन बसलेला असतो. तिसरं लक्षण वेगळं. झाकणावर तळहात दाबला की ड्रायर सुरू, हात उचलला की बंद. हे दिसलं की दोष झाकणाचाच.

आमच्याकडे भर जुलैत हे तिसरं लक्षण दिसलं. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या दिवसांत ड्रायरशिवाय घर चालत नाही. हाताने पिळलेला टॉवेल पडवीतल्या दोरीवर दोन-तीन दिवस ओलाच राहतो आणि त्याला कुबट वास धरतो. ड्रायरमधून काढलेला टॉवेल पंख्याखाली रात्रभरात वाळतो.

हा ड्रायर कपडे तापवत नाही, फक्त फिरवतो. पण कसा फिरवतो ते लक्षात घ्यायला हवं. टब थेट मोटरच्या दांड्यावर बसवलेला असतो, मध्ये पट्टा नाही की गिअर नाही. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर चार ध्रुवांची मोटर मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या जरा खाली, म्हणजे १३०० ते १४०० फेऱ्यांनी फिरते. टबाचा व्यास जेमतेम वीतभर, तरी त्याचा काठ ताशी ५०-६० किलोमीटरच्या वेगाने धावत असतो. कपड्यातल्या पाण्यावर पाण्याच्या वजनाच्या दोनशेपट जोर येतो, म्हणून ते टबाच्या भोकांतून बाहेर फेकलं जातं. आणि हे सगळं आपल्या कमरेच्या उंचीवर, एका पातळ प्लॅस्टिकच्या झाकणाखाली चाललेलं असतं.

त्या झाकणाला दोन कामं दिलेली आहेत. बिजागरीजवळ त्याला प्लॅस्टिकची एक जीभ असते. झाकण मिटलं की ती जीभ आत जाऊन स्विचच्या दोन पितळी पत्त्या एकमेकींना टेकवते आणि मोटरचा मार्ग पुरा होतो. त्याच हालचालीत ब्रेकची वायर ओढली जाते आणि खाली मोटरच्या दांड्यावरच्या चकतीला धरून बसलेला ब्रेक सुटतो. झाकण उघडलं की उलट: पत्त्या अलग होतात, वीज तुटते, वायर सैल पडते आणि स्प्रिंग ब्रेकला चकतीवर दाबते. यात सेन्सर नाही, इलेक्ट्रॉनिक कार्ड नाही. सगळं डोळ्यांना दिसणारं आणि बोटांना कळणारं आहे, म्हणूनच ते घरी तपासता येतं.

आधी मी मेकॅनिकला बोलावलं होतं. त्याने झाकण दाबून पाहिलं आणि लगेच सांगितलं, "वहिनी, स्विच गेलाय. डायरेक्ट करून देतो, पुन्हा कटकट नाही." डायरेक्ट करणं म्हणजे स्विचच्या दोन्ही वायरी सोलायच्या, एकत्र पिळायच्या आणि वर काळी टेप गुंडाळायची. दहा मिनिटांत ड्रायर चालू होतो, पैसे कमी पडतात, आणि गावोगावच्या कितीतरी घरांत ही मशीनं आज अशीच चालली आहेत.

मी नको म्हटलं, आणि त्याची कारणं मला मांडायची आहेत. डायरेक्ट केलेल्या ड्रायरचं झाकण उघडलं तरी मोटरची वीज तुटत नाही. ब्रेक मात्र वायरीवर चालतो, त्यामुळे तो आपलं काम करायला जातो. म्हणजे वरून वीज मोटरला पुढे ढकलते आणि खालून ब्रेक तिला धरून ठेवतो. ब्रेकचं रबर घासून जळतं, मोटरचं वाइंडिंग तापतं. शंभर-दीडशे रुपयांचा स्विच वाचवायला जाऊन मोटरच जायची.

दुसरं कारण त्याहून मोठं आहे. आमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, टब पुरता थांबायच्या आत हात घालतात. घाई असते, गॅसवर काहीतरी असतं. ओली साडी टबात फिरताना तिचा पीळ होतो. त्या पिळाचं टोक बोटांभोवती बसलं आणि मोटर चालू असली, तर ओढणारी शक्ती सुटत नाही. बोट मोडतं, मनगट पिरगळतं. वीज तुटलेली असेल आणि ब्रेक लागलेला असेल, तरच टबाचा उरलेला वेग काही क्षणांत संपतो. घरात म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर हा स्विच काढून टाकायचा अधिकार कुणालाच नाही, असं मला वाटतं.

म्हणून मशीन मीच उघडलं. प्लग भिंतीतून उपटून डोळ्यांसमोर ठेवला. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण वायरिंग उलटसुलट असेल तर बटण बंद असतानाही मशीनच्या आत करंट येऊ शकतो. मागचे स्टार स्क्रू काढले की वरचं पॅनेल वायरींसकट उचलता येतं. सर्वांत आधी कपॅसिटर रिकामा केला. त्याच्या अंगावर ४४० व्होल्ट लिहिलेलं असतं आणि प्लग काढल्यावरही त्यात साठा राहू शकतो. होल्डरमधल्या बल्बच्या दोन वायरी त्याच्या दोन टोकांना लावल्या की तो उतरतो. मगच आत बोट घालावं.

झाकणाची जीभ शाबूत होती. पुष्कळदा तीच तुटलेली असते, किंवा बिजागरीची पिन झिजून झाकण थोडं तिरकं बसतं आणि जीभ पत्तीपर्यंत पोचत नाही. तसं असेल तर स्विच बदलून काहीच होत नाही, झाकणच बदलावं लागतं. आमच्याकडे जीभ पत्तीला नीट टेकत होती, म्हणजे दोष पत्त्यांमध्येच. स्विचच्या वायरी काढून मल्टिमीटर बीपवर लावला. झाकण मिटलं, तरी बीप नाही. ओहमवर घेतला तर आकडा वीसच्या आसपास नाचत राहिला, आणि झाकण दाबलं की खाली आला. चांगला स्विच इथे जवळपास शून्य दाखवतो.

स्विच बाहेर काढून उजेडात धरला. दोन पत्त्यांच्या टोकांवर टाचणीच्या डोक्याएवढे दोन टिकले असतात, प्रवाह तिथूनच जातो. ते काळे पडून खड्ड्यांचे झाले होते. पत्तीच्या मुळाशी हिरवट बुरा आला होता आणि शेजारचं पांढरं प्लॅस्टिक भाजून तपकिरी झालं होतं. आमच्याकडचं खारं वारं पितळेला सोडत नाही, त्यामुळे बुऱ्याचं नवल नव्हतं. तपकिरी डागाचा हिशेब सोपा आहे. मोटर अर्धा-पाऊण अँपिअर घेते. वीस ओहमच्या अडथळ्यातून तेवढा प्रवाह गेला की त्या टिकल्यांवरच पाच-दहा वॅट उष्णता तयार होते. लहानशा सोल्डरिंग आयर्नला काम करायला तेवढी पुरते.

खड्ड्यांचं कारण मात्र वाऱ्यात नव्हतं, ते आमच्या सवयीत होतं. ड्रायरचा टायमर साधारण पाच मिनिटांचा. तो शून्यावर आला की वीज टायमरच्या आत तुटते, आणि नंतर झाकण उघडलं तर झाकणाच्या पत्त्यांमधून प्रवाहच जात नसतो. पण टायमर चालू असतानाच झाकण उघडलं, तर चालत्या मोटरचा प्रवाह याच पत्त्यांना तोडावा लागतो. मोटर म्हणजे तारेचं वेटोळं, तिचा प्रवाह मुकाट्याने तुटत नाही. पत्त्यांमध्ये ठिणगी उडते आणि दर ठिणगीला धातू थोडा जळतो. हा स्विच धोक्याच्या वेळेसाठी आहे. आपण त्याला रोजचं बंद करायचं बटण करून टाकतो. आईंना मी पॅनेल उघडं असतानाच तो स्विच हातात देऊन दाखवला. त्यांनी तो चष्म्याजवळ नेऊन नीट पाहिला आणि म्हणाल्या, "मग टायमर मागे फिरवला तर चालतो का?" बऱ्याच मशीनमध्ये चालत नाही, त्याचे दाते बिघडतात. थांबणं हाच उपाय.

न्यू जर्सीला असलेल्या माझ्या नणंदेचा ड्रायर वेगळ्या जातीचा, कपडे गरम हवेत घोळवणारा. त्याचा ड्रम मिनिटाला पन्नासेक फेऱ्याच घेतो, आणि धोका वेगाइतकाच तापमानाचाही असतो. तिथेही दार मिटल्याशिवाय काही चालत नाही. दाराच्या चौकटीत बोटाने दाबता येईल असा छोटा स्विच असतो. बऱ्याच मॉडेलमध्ये ड्रममधला दिवाही त्याच स्विचवर असतो, म्हणून स्विच बोटाने दाबूनही दिवा विझला नाही तर दोष कुठे आहे ते पाना हातात घेण्याआधीच कळतं. दिवा विझतो पण दार मिटल्यावर यंत्र चालत नाही, तर दाराची खुंटी स्विचपर्यंत पोचत नसावी. आपल्या मशीनमध्ये दिवा नाही, तळहात दाबून बघायचा.

झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने टिकले घासले तर स्विच काही आठवडे चालतो. मी तेवढ्यावर भागवलं नाही. टिकल्यांवरचा मुलामा एकदा उडाला की काळं पुन्हा लवकर धरतं. जुना स्विच रुमालात गुंडाळून पार्टच्या दुकानात नेला. मॉडेल नंबर सांगण्यापेक्षा तुकडा समोर ठेवलेला बरा, कारण जिभेची बाजू डावी-उजवी असते.

नवीन स्विच बसवल्यावर खरं नाजूक काम सुरू होतं, आणि मेकॅनिक घाईत सोडतात ते नेमकं हेच. स्विच आणि ब्रेक यांचा क्रम जुळला पाहिजे. झाकण बोटभर उचललं की आधी वीज तुटली पाहिजे आणि मग ब्रेक लागला पाहिजे. उलट झालं, तर मिटलेल्या झाकणाखालीही ब्रेक चकतीला घासत राहू शकतो आणि रबर जळाल्याचा वास येतो. ब्रेकच्या वायरीच्या टोकाला भोकांची एक पट्टी असते. कुठल्या भोकात ती अडकवायची ते मल्टिमीटर लावून, झाकण अगदी हळू उचलत ठरवलं: बीप थांबला, त्यानंतर थोड्या अंतराने खालून ब्रेक टेकल्याचा खट्ट आवाज आला. मागचं कव्हर काढलेलं होतं, त्यामुळे रबर चकतीवर बसतानाही दिसलं. प्लग काढलेला असताना झाकण मिटून मागून चकतीला धरून टब फिरवला, तो कुठे घासला नाही.

मग चादर लावली आणि टायमर फिरवला. सुरुवातीचा घरघराट झाला आणि टबाने वेग धरला. झाकण उचलल्यावर टब थांबला, पण आमच्या घड्याळाप्रमाणे त्याने १२-१३ सेकंद घेतले. बऱ्याच माहितीपुस्तिकांत १५ सेकंदांच्या आत टब थांबला नाही तर मशीन वापरू नका असं सांगितलेलं असतं. आम्ही त्या मर्यादेच्या फार जवळ आहोत. ब्रेकचं रबर एका बाजूने झिजलेलं मी पाहिलंच होतं. दुकानात ते मिळालं नाही. कोल्हापूरहून माल गुरुवारी येतो म्हणाले.