वानगी, वटाव आणि टंचाईतला माल

किराणा दुकानदार घाऊक व्यापारी कसा निवडतो यावर हल्ली उदंड लिहिलं जातं, आणि लिहिणारे बहुतेक जण भावापाशीच अडकतात. क्विंटलला वीस रुपये कमी दिसले की दुकानदार पेढी बदलतो, असं एका विद्वानांनी परवाच मांडलं. त्यांनी पोतं कधी फोडलेलं नसावं. भाव सकाळी साऱ्या बाजाराला ठाऊक असतो. पुण्याचा भुसार बाजार नाना-भवानी पेठेत होता तेव्हाही असायचा, गुलटेकडीला गेल्यावरही आहे. हमाली, तोलाई, टेम्पोभाडं आणि रोखीचा वटाव धरून माल दुकानात काय भावानं पडला, हे पाहिल्याशिवाय त्या वीस रुपयांना काही अर्थ नाही.

माझा आग्रह जन्मभर एकच: वानगी. पेढीवर थाळीत दाखवलेला आणि टेम्पोतून उतरलेला माल एकच हवा. तूरडाळीच्या पोत्यात वरचा थर टपोरा आणि तळाशी चुरी, ही जुनी कला. म्हणून जाणते दुकानदार पोत्याच्या पोटात पोकळ सळई टोचून दाणे काढत, तळहातावर चोळत, फुंकर मारून पाहत. फटका डाळीचे पैसे घेऊन हलकी डाळ पाठवणारा त्यातच सापडे. साबुदाणा तर रात्री भिजत घातल्याशिवाय ठरवूच नये. सेलमकडून येणारा माल पोत्यात सारखाच पांढराशुभ्र, पण एक दाणा फुगून सुटा राहतो, दुसऱ्याचा कढईत लगदा होतो. आषाढीला खिचडीचा गोळा झाला की वहिनी भांडायला आमच्या काउंटरवर येतात, मार्केटयार्डात जात नाहीत. शेंगदाणा खवट निघाला, रव्यात जाळी धरली, तरी तेच. त्यामुळे ‘उरलेलं पोतं पाठवून द्या, बदलून देतो’ एवढं एक वाक्य जो घाऊक व्यापारी वाद न घालता बोलतो, त्याला चार पैसे जास्त द्यायला आमची कधीच ना नव्हती.

उधारीचं पुराण सर्वांना पाठ आहे. जीएसटीचंही एका वाक्यात आटपू: पुरवठादारानं विवरणपत्र वेळेत भरलं नाही तर दुकानदाराचं करक्रेडिट अडकतं, तेव्हा कच्च्या चिठ्ठीवरची स्वस्ताई अखेर महागात पडते.

खरी ओळख पटते टंचाईत. 2015 च्या दिवाळीच्या तोंडावर तूरडाळ किलोला दोनशेच्या घरात गेली, साठ्यावर मर्यादा आल्या, गोदामांवर छापे पडू लागले. एरवी ‘सगळ्यात स्वस्त’ म्हणून मिरवणाऱ्यांचे फोन तेव्हा लागेनात. जुन्या पेढ्यांनी मात्र आहे त्यात वाटणी केली. पाच कट्टे मागणाऱ्याला दोन मिळाले, पण बोललेल्या भावानं मिळाले आणि दुकानाची फळी उघडी राहिली. मार्च 2020 च्या टाळेबंदीतही नेहमीच्या गिऱ्हाइकाचं नाव यादीत वर होतं. ही पत बारमाही खरेदीतून येते. चांगल्या दिवसांत दहा दारं फिरणाऱ्याला वाईट दिवसांत कुणी विचारत नाही.

आता मोबाइलवर मागणी टाकायची. 2003 मध्ये मेट्रोची घाऊक दुकानं बंगळुरूत आली, तिथं निदान माल हाताळून घेता येई. ॲपवर डाळीचा फोटो असतो, तोही कुठल्या पोत्याचा देव जाणे. नव्या पिढीतल्या दुकानदारांना हे सोपं वाटतं. त्यांतल्या अनेकांना तूरडाळीचे सवा नंबर आणि फटका हे प्रकार समोर ठेवले तर वेगळे ओळखता येत नाहीत, आणि त्याची खंतही नाही.

2025 च्या घटस्थापनेला, 22 सप्टेंबरला, जीएसटीचे दर उतरले. साबण, टूथपेस्ट, बिस्किटं 18 वरून 5 टक्क्यांवर आली आणि गिऱ्हाईक त्याच सकाळी नवा भाव मागू लागलं. ज्यांना करक्रेडिट मिळतं त्यांचं निभावलं. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेतल्या छोट्या दुकानदाराला ते मिळतच नाही, त्याच्या फळीवरचा जुना माल त्याच्या गळ्यात. आमच्या भागातल्या एका घाऊक व्यापाऱ्यानं अशांकडच्या शिल्लक खोक्यांची यादी मागवून फरक पुढच्या बिलात वळता केला. ॲपवाल्यांकडून काय मिळालं म्हणून शेजारच्या दुकानदाराला विचारलं, तर त्यानं तक्रार क्रमांक दाखवला.