काढलेलं पॅकेज खरंच जातं का?

मंडळी, आज आपण ठाकुरवाडीत लिनक्सबद्दल बोलायला बसलो आहोत, पण सुरुवात सातबाऱ्यापासून करू. सातबाऱ्यावरचं नाव कमी करायचं झालं, तर ते खोडरबरानं पुसत नाहीत. नावाला कंस होतो, शेजारी फेरफाराचा नंबर लागतो. नाव का कमी झालं, ते फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये सापडतं. हक्क गेला, तरी नोंद राहते.

डेबियन, उबुंटू किंवा आपल्या सी-डॅकची बॉस, या सगळ्यांत पॅकेजांचा हिशेब डीपीकेजी ठेवतो. आपण एपीटीला हुकूम देतो, तो पुढे डीपीकेजीकडून काम करून घेतो. डीपीकेजीचा सातबारा म्हणजे 'स्टेटस' नावाची साधी मजकुराची फाईल. फेरफार नोंदवही म्हणजे त्याचा लॉग. फरक इतकाच, की लॉगची जुनी पानं साधारण वर्षभरानं आपोआप जातात.

'एपीटी रिमूव्ह' म्हटलं, की प्रोग्रॅम जातो, पण त्याच्या सेटिंगच्या फायली राहतात. हे मुद्दामच केलेलं आहे. त्या फायलींत कुणीतरी मेहनतीनं बदल केलेले असतात, आणि उद्या पॅकेज परत टाकलं तर ते वाया जाऊ नयेत. 'डीपीकेजी डॅश एल' ही यादी काढली, की चालू पॅकेजासमोर 'आय-आय' दिसतं आणि अशा पॅकेजासमोर 'आर-सी'. आर म्हणजे काढायला सांगितलंय, सी म्हणजे सेटिंग शिल्लक आहे. हाच आपला कंस. ज्या पॅकेजाला अशी सेटिंगही नाही आणि मागची साफसफाई करणारी स्क्रिप्टही नाही, त्याची नोंद मात्र रिमूव्हमध्येच संपते.

आता इथे बरेच जण फसतात. प्रोग्रॅम बिघडला, म्हणून आपण तो काढतो, उरलेली सेटिंगची फाईल हातानं उडवतो आणि पुन्हा टाकतो. बघतो तर ती फाईल येतच नाही! कारण डीपीकेजीकडे तिची नोंद आहे. तो समजतो, की मालकानं ती जाणूनबुजून काढली, मग मी परत का ठेवू? अशा वेळी आधी 'एपीटी पर्ज' करायचं. त्यानं सेटिंगही जाते, कंसातली नोंदही जाते. मग नव्यानं टाकलं, की मूळ फाईल येते.

दुसरी गोष्ट जुन्या कॉम्प्युटरची. वाडीतल्या अभ्यासिकेला कुणी वापरलेलं मशीन दिलं, तर 'आर-सी' यादी जरूर बघा. त्या सेटिंगमध्ये आधीच्या मालकाचे पासवर्ड असू शकतात. आणि पर्ज केलं म्हणजे सगळं साफ झालं, असंही नाही. माणसाच्या होम फोल्डरमधल्या फायलींना पर्ज हात लावत नाही. म्हणून आपण मशीन दुसऱ्याला देताना अख्खी डिस्कच पुसून दिलेली बरी.

चला, आता समोरचं मशीन चालू करू आणि यादीत 'आर-सी' किती निघतात ते मोजू.