वंश, ओळख आणि दप्तर : काही गैरसमज व वस्तुस्थिती

अकोल्याहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील जऊळका हे वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील गाव घ्या, किंवा त्याच्या आसपासचे कोणतेही मौजे घ्या. तेथे नवा मनुष्य आला म्हणजे पाण्याचा तांब्या पुढे करतानाच त्याला ‘आडनाव काय?’ आणि ‘मूळचे कुठले?’ असे दोन प्रश्न विचारले जातात, आणि ह्या दोन उत्तरांवरून त्याची जात, कूळ, सोयरीक व पूर्वपीठिका आपल्याला कळली असे विचारणारा समजून चालतो. प्रश्न आपुलकीचे असतात, परंतु त्यांच्या मुळाशी असलेली समजूत, म्हणजे वंश, जात, धर्म आणि ओळख ही एकाच वस्तूची चार नावे आहेत ही समजूत, इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. ती केवळ आपल्याकडेच आहे असेही नाही. युरोपच्या आग्नेय भागात सर्ब, क्रोएट आणि बोस्नियाक हे एकमेकांना सहज समजणारी बोली बोलणारे शेजारी ‘आमचे रक्त निराळे’ ह्या भावनेपायी विसाव्या शतकात रणांगणावर समोरासमोर उभे राहिले, आणि तेथील घराण्यांचा इतिहास उलगडला तर तोही आपल्याइतकाच सरमिसळीचा निघतो. म्हणून ह्या विषयातील प्रचलित गैरसमज एकेक घेऊन, शक्य तेथे वाशीमच्याच मुलखातील पुराव्यांवर ते पारखणे उपयुक्त ठरेल.

गैरसमज पहिला : पूर्वी कुळे शुद्ध होती, सरमिसळ ही अलीकडची गोष्ट आहे.

वस्तुस्थिती : वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. ह्या शाखेचा राजा हरिषेण, ज्याच्या कारकिर्दीत पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात अजिंठ्याची काही सर्वोत्तम लेणी कोरली गेली, त्याचा सचिव वराहदेव हा होता. अजिंठ्याचे सोळावे लेणे ह्याच वराहदेवाने दान दिले. त्याच्या घराण्याची वंशावळ घटोत्कच लेण्यातील शिलालेखात दिलेली आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी ह्यांनी वाकाटकांच्या लेखांबरोबर संपादिलेल्या ह्या लेखात असे सांगितले आहे की, घराण्यातील सोम नावाच्या ब्राह्मण पूर्वजाने ब्राह्मण स्त्रियांबरोबरच एका क्षत्रिय स्त्रीशीही विवाह केला. ब्राह्मण स्त्रियांचे पुत्र वेदाध्ययनात रमले आणि क्षत्रिय स्त्रीचा पुत्र रवी राज्यकर्ता झाला. ह्या रवीच्याच शाखेत पुढे मंत्री हस्तिभोज व त्याचा पुत्र वराहदेव जन्मास आले. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, राज्याच्या सर्वोच्च अधिकारपदावरील हा पुरुष आपल्या घराण्यातील मिश्र विवाह लपवून ठेवीत नाही. तो पाषाणावर कोरून घेतो.

वाकाटकांच्या ज्येष्ठ शाखेतही असेच एक उदाहरण आहे. दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या प्रभावतीगुप्ता ही विष्णुवृद्ध गोत्राच्या वाकाटक घराण्यात दिली गेली. परंतु वैधव्यानंतर राज्यकारभार पाहताना तिने दिलेल्या ताम्रपटांत ती पतीचे गोत्र सांगत नाही, तर पित्याचे धारण गोत्र सांगते. म्हणजे एकाच राजगृहात दोन कुळांचा अभिमान एकत्र नांदत होता आणि त्यात कोणास विसंगती वाटत नव्हती.

आधुनिक जनुकशास्त्राचा निष्कर्षही ह्याच दिशेचा आहे. हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील आणि अमेरिकेतील संशोधकांनी मिळून 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, सुमारे 4200 ते 1900 वर्षांपूर्वीच्या काळात भारतातील जवळजवळ सर्व समूहांत मोठ्या प्रमाणावर मिश्रण झाले आणि त्यानंतर जातीअंतर्गत विवाहाचे बंधन घट्ट होत गेले. तेव्हा भिंती मागाहून उभ्या राहिल्या आणि मिसळण आधीची आहे. प्रचलित समजूत ह्याच्या नेमकी उलट आहे.

गैरसमज दुसरा : आडनाव एक, म्हणजे कूळ एक.

वस्तुस्थिती : जाधव, पवार, चव्हाण ही आडनावे मराठ्यांत आहेत, बंजाऱ्यांत आहेत आणि पवार-चव्हाण तर पारध्यांतही आहेत. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे संत सेवालाल महाराजांचे स्थान. तेथे देशभरातून येणाऱ्या बंजारा भाविकांत राठोड, पवार, चव्हाण आणि जाधव हीच नावे पदोपदी ऐकू येतात, परंतु तांड्यावरील जाधव आणि देशमुखी वाड्यातील जाधव ह्यांच्यात नात्याचा संबंध असतोच असे मुळीच नाही. तांड्यात गोत्राची व पाड्याची स्वतंत्र गणना असते आणि सोयरीक जुळविताना आडनावापेक्षा तीच पाहिली जाते.

वतनांवरून आलेल्या आडनावांची गोष्ट आणखी स्पष्ट आहे. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी ही मुळात परगण्याच्या व गावाच्या कारभारातील पदे होती. ज्याच्याकडे वतन, त्याचे ते नाव. त्यामुळे वऱ्हाडात देशमुख हे मराठा आहेत, ब्राह्मण आहेत आणि मुसलमानही आहेत. आडनाव पुष्कळदा पूर्वजाचा हुद्दा, गाव किंवा धंदा सांगते. ते रक्ताचा दाखला नव्हे.

गैरसमज तिसरा : सरकारी दप्तरात लिहिलेली जात म्हणजे अनादि काळापासून चालत आलेला वंश.

वस्तुस्थिती : दप्तर लिहिणारे हात बदलतात, लिहिण्याचे प्रयोजन बदलते, आणि त्याबरोबर नोंदही बदलते. अकबराच्या कारकिर्दीत अबुल फज्लाने ‘आईन-ई-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना बाशीम, म्हणजेच वाशीम, ही एक सरकार, म्हणजे सुभ्याचा एक विभाग, म्हणून नोंदली आणि तिच्या आसपासचे हटकर लोक मानी व सहसा न नमणारे असून त्यांच्यापाशी एक हजार स्वार आणि पाच हजार पायदळ आहे असे लिहिले. तेथील एका बंजारा जमीनदारीचाही उल्लेख तो करतो, तिचा कारभार त्या वेळी एका स्त्रीच्या हाती असल्याचे सांगतो, आणि ह्या दोन्ही समूहांना राजपूत म्हणतो. मोगल दरबारच्या दृष्टीने शस्त्र बाळगणारा आणि मुलूख राखणारा तो राजपूत, असा तो हिशेब होता. पुढे इंग्रज अधिकाऱ्यांनी हटकरांची गणना धनगरांत केली आणि आज शासनाच्या यादीत ते धनगरांसोबत भटक्या जमातींत आहेत. लोक तेच राहिले, रकाना बदलला.

बंजाऱ्यांच्या बाबतीत तर एकाच काळात तीन रकाने आढळतात. महाराष्ट्रात ते विमुक्त जातींत मोडतात, कर्नाटकात अनुसूचित जातींत, आणि तेलंगणात व आंध्र प्रदेशात अनुसूचित जमातींत. लदेणीच्या बैलांच्या तांड्याने ज्यांच्या पूर्वजांनी एकाच वाटा तुडविल्या, त्यांच्या वंशजांत राज्याच्या सीमेवरून जमात, जात आणि विमुक्त असा भेद पडला. हा भेद कायद्याचा आहे, वंशाचा नव्हे. वाशीमला लागून असलेल्या हिंगोलीच्या सीमेवरही हेच दृश्य दिसते. वऱ्हाड 1853 च्या तहाने इंग्रजांच्या व्यवस्थेखाली गेले आणि मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या अमलाखाली राहिला. दोन दप्तरे निराळी झाली आणि अलीकडे कुणबी तर पलीकडे मराठा अशा नोंदींची माणसे पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांशी सोयरीक करीत राहिली. युरोपच्या आग्नेय भागातही रकान्यांची अशीच गत झाली. युगोस्लाव्हियाच्या 1981 च्या शिरगणतीत बारा लाखांहून अधिक लोकांनी सर्ब, क्रोएट असे काही न सांगता आपण ‘युगोस्लाव’ आहोत असे लिहून दिले होते, आणि त्यांत मिश्र विवाहांची संतती पुष्कळ होती. दहा-बारा वर्षांत ते राष्ट्र फुटले आणि त्यांच्यापैकी बहुतेकांना दुसरा एखादा रकाना निवडणे भाग पडले.

गैरसमज चौथा : धर्म बदलला की वंश तुटतो.

वस्तुस्थिती : वऱ्हाडच्या इमादशाहीचा संस्थापक फतेहउल्ला इमादुल्मुल्क हा, फिरिश्ता ह्या इतिहासकाराच्या सांगण्याप्रमाणे, विजयनगरच्या मुलखातून बालपणी धरून आणलेला कानडी हिंदू होता. शेजारच्या निजामशाहीचा मूळपुरुष मलिक हसन हाही त्याच इतिहासकाराच्या मते जन्माने ब्राह्मण, आणि त्याचे पूर्वज आजच्या परभणी जिल्ह्यातील पाथरीचे कुलकर्णी. ह्यातील मर्म पुढेच आहे. पाथरी इमादशाहीच्या ताब्यात होती. मलिक हसनाचा नातू बुऱ्हाण निजामशहा ह्याने पूर्वजांच्या गावावर हक्क सांगितला आणि 1518 मध्ये ते जिंकून घेतले. अहमदनगरच्या मुसलमान सुलतानाला पाथरीच्या कुलकर्ण्यांशी असलेले नाते ठाऊक होते, आणि राजकारणात ते पुढे करण्यात त्याला संकोच नव्हता.

ह्याच शतकात बाल्कन मुलखात सोकोलोविच नावाचे सर्ब घराणे होते. त्यातील एक मुलगा तुर्की अंमलदारांनी नेला. तो मुसलमान होऊन सोकोलू मेहमेद पाशा म्हणून वाढला आणि 1565 पासून 1579 पर्यंत उस्मानी साम्राज्याचा मुख्य वजीर होता. पेच येथील सर्बांचे धर्मपीठ 1557 मध्ये पुन्हा उभे राहिले, तेव्हा त्याचा धर्माध्यक्ष झाला तो मकारिये सोकोलोविच, ह्याच पाशाचा आप्त. एका घराण्यात एक वजीर आणि एक धर्माध्यक्ष! धर्म बदलल्याने उपासना बदलते, नाव बदलते, कधी पोशाख बदलतो. परंतु आजोबा बदलत नाहीत.

गैरसमज पाचवा : रक्ताची किंवा जनुकांची तपासणी केली म्हणजे आपण खरे कोण हे कळते.

वस्तुस्थिती : दहा पिढ्या मागे गेल्यास प्रत्येक माणसाच्या वंशवृक्षात 1024 पूर्वजांची स्थाने असतात आणि वीस पिढ्यांमागे ती दहा लाखांच्या वर जातात. कुलवृत्तान्त, भाटांच्या वंशावळी किंवा त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या ह्यांत मुख्यतः बापाकडून बापाकडे जाणारी एकच ओळ धरलेली असते. बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या गुणसूत्राची तपासणीही त्या अफाट विस्तारातील तेवढीच एक ओळ दाखविते; आज्या-पणज्यांचा सारा गोतावळा तीत येत नाही.

कोकणातील मराठी बोलणारे बेने इस्राएल हे ह्याचे बोलके उदाहरण होय. गावावरून आलेली त्यांची आडनावे, घाण्यावर तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवार पाळण्याची रीत ह्यांमुळे त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या जनुकीय अभ्यासात यहुदी आणि भारतीय अशा दोन्ही पूर्वजांचा वारसा आढळला. तथापि शनिवार पाळणे आणि मराठीत संसार करणे हे त्यांनी प्रयोगशाळेच्या अहवालावरून आरंभिले नव्हते. तपासणी पूर्वज कोठून आले ह्याचा अंदाज देते. माणूस कोणाचा आहे हे ठरविणे तिच्या आवाक्यातील काम नव्हे.

गैरसमज सहावा : मिश्र घरातील माणसाला धड कोणतीच ओळख नसते.

वस्तुस्थिती : वाशीम जिल्ह्यातील कारंजा हे दिगंबर जैन भट्टारकांच्या पीठांचे गाव. तेथील बघेरवाल राजस्थानातून आलेले मानले जातात; आज ते मराठी आहेत, आणि मराठी असल्याने त्यांचे जैनत्व किंवा बघेरवालपण उणे झालेले नाही. शेजारच्या पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक ह्यांनी 1941 मध्ये नागपूरच्या वत्सलाबाई घाटे ह्या ब्राह्मण कुटुंबातील मुलीशी विवाह केला, त्या काळी त्याला मोठा विरोध झाला, आणि तरीही पुढे 1963 ते 1975 पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री राहिलेले नाईक बंजारा समाजाचे पुढारी म्हणूनच ओळखले गेले. कादंबरीकार इव्हो आंद्रिच ह्यांचा जन्म बोस्नियातील क्रोएट कॅथलिक कुटुंबातला. उत्तरायुष्यात त्यांनी सर्ब साहित्याशी नाते सांगितले, आणि 1961 चे नोबेल पारितोषिक मिळालेल्या ह्या लेखकावर आज सर्ब आणि क्रोएट असे दोन्ही समाज हक्क सांगतात.

आपल्या न्यायव्यवस्थेनेही हे तत्त्व एका मर्यादेत मान्य केले आहे. रमेशभाई दभाई नायका विरुद्ध गुजरात राज्य ह्या 2012 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की, मिश्र विवाहातील अपत्याची जात बापाची असे प्रथमदर्शनी गृहीत धरता येईल, परंतु ते गृहीतक अखेरचे नाही. अनुसूचित जातीच्या अथवा जमातीच्या आईने त्याला वाढविले आणि तिच्या समाजाचे हाल त्यानेही सोसले असे पुराव्याने दाखविता येईल. म्हणजे केवळ जन्म न पाहता वाढणे, सोसणे आणि समाजाने दिलेली वागणूक हीही न्यायालयाने विचारात घ्यावयाची आहेत.

ह्या सर्वांतून ओळख ही भ्रामक वस्तू आहे असा अर्थ कोणी काढू नये. सेवालाल महाराजांच्या दर्शनास जाणाऱ्याची श्रद्धा खरी आहे, हटकराचा मानीपणा खरा आहे, आणि ज्यांना जातीपायी अपमान सोसावा लागला त्यांचा न्यायाचा दावाही तितकाच खरा आहे; शुद्ध रक्ताच्या कल्पनेचा आधार ह्यांपैकी कशालाच लागत नाही. भाषा, सहवास, स्मृती आणि सोसलेले दुःख ह्यांनी ओळख घडते. वंश मात्र सर्वांचाच मिसळलेला आहे, आणि वत्सगुल्माच्या सचिवाने ती गोष्ट पंधराशे वर्षांपूर्वी स्वखुशीने जाहीर केली असताना आपण ती मान्य करण्यास कचरावे ह्याला काही सबळ कारण दिसत नाही.