बोला, पण इथे नको

नर्मदेच्या उत्तर तीरावर धार जिल्ह्याचे मनावर, कुक्षी आणि धरमपुरी हे तालुके, तर समोरच्या काठावर बडवानी. धार-देवासच्या पवारांमुळे या मुलखाशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. गेल्या चाळीस वर्षांत ते वेगळ्या कारणाने पुन्हा जुळले. गुजरातमधल्या सरदार सरोवर धरणाच्या फुगवट्यात मनावर तालुक्यातली एकलवारा, सेमल्दा यांसारखी गावे आली. या गावांचे म्हणणे देशापुढे मांडायला मुंबईहून आलेली एक मराठी बाई, मेधा पाटकर, पुढे उभी राहिली, आणि काही वर्षांनी आनंदवनातून बाबा आमटेही काठावर येऊन राहिले. धरण हवे की नको, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. हे धरण चुकीचे आहे असे म्हणण्याची मुभा कोणाला, किती आणि कुठे होती, हा प्रश्न मात्र बाजूला पडला. हा मागोवा त्या ‘कुठे’चा आहे.

सुरुवात 1988 पासून करावी लागते. त्या वर्षाच्या अखेरीस गुजरात सरकारने धरणाच्या जागेला आणि आसपासच्या गावांना शासकीय गुपिते कायदा लावला. हा 1923 चा कायदा इंग्रजांनी हेरगिरी रोखण्यासाठी केला होता. सिंचनाच्या धरणाला त्याची गरज काय, हे तेव्हाही कोणाला नीट सांगता आले नाही. परिणाम मात्र साधा होता. ज्यांची घरे-शेते जाणार होती त्यांनी त्या जागी जमून विचारपूस करणे हाच गुन्हा होऊ शकत होता.

पुढच्याच वर्षी, 1989 च्या ऑक्टोबरात, मेधा पाटकर वॉशिंग्टनला अमेरिकी काँग्रेसच्या एका उपसमितीपुढे बसल्या आणि जागतिक बँकेच्या कर्जावर बांधल्या जाणाऱ्या या धरणाबद्दल साक्ष दिली. तिथे त्यांना कोणी अडवले नाही. हजारो मैलांवर, परक्या देशाच्या लोकप्रतिनिधींसमोर जे मोकळेपणी बोलता आले, ते धरणाच्या भिंतीजवळ बोलायचे तर पोलिसांची गाडी उभी होती. नर्मदेच्या गोष्टीत हा विरोधाभास पुन्हा पुन्हा भेटतो.

1990 च्या नाताळच्या दिवशी सुमारे सहा हजार माणसे अंथरूण-पांघरूण आणि शिधा बांधून धरणाच्या दिशेने पायी निघाली. बाबा आमटे सोबत होते. पाठीच्या जुन्या दुखण्यामुळे त्यांना बसता येत नसे, एक तर उभे राहायचे नाही तर आडवे. मध्य प्रदेश आणि गुजरातच्या सीमेवर फेरकुवा येथे पोलिसांनी मोर्चा अडवला. पलीकडे धरणाच्या बाजूने आलेले गुजरातचे लोक जमले होते. त्यांचेही म्हणणे होते, आणि ते खोटे नव्हते: सौराष्ट्र-कच्छची तहान खरी होती. पण त्यांना आपल्या राज्यात उभे राहून बोलता येत होते. अलीकडच्यांना सीमा ओलांडायची मनाई होती.

मग वर्षाच्या शेवटच्या दिवशी या लोकांनी आपले हात दोरीने बांधून घेतले. दगड उचलायला, धक्का द्यायला हात मोकळेच नाहीत हे पोलिसांना लांबूनही दिसावे, म्हणून. अशा बांधल्या हातांनी बायका आणि पुरुष पोलिसांच्या फळीकडे चालत गेले. त्यांना मारहाण झाली, ओढून ट्रकमध्ये भरले गेले. राज्यघटनेचे कलम 19 शांततेने आणि बिनहत्यारी जमण्याचा हक्क देते. बिनहत्यारी असण्याचा याहून ठळक पुरावा भारताच्या इतिहासात फारसा सापडणार नाही. 7 जानेवारी 1991 पासून सात जणांनी बेमुदत उपोषण केले आणि ते 22 दिवस चालले. त्याच वर्षी जागतिक बँकेला ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र पाहणी नेमावी लागली. 1992 च्या जूनमध्ये आलेल्या त्या अहवालाने प्रकल्पावर कठोर ताशेरे ओढले आणि मार्च 1993 मध्ये बँकेचे उरलेले कर्ज थांबले.

म्हणजे बोलण्याचा उपयोग झाला. पण तो दूरवर झाला. काठावर त्याच 1993 सालच्या नोव्हेंबरात धुळे जिल्ह्यात पोलिसांच्या गोळीबारात पंधरा वर्षांचा एक आदिवासी मुलगा मेला. महाराष्ट्राच्या वाट्याला आलेल्या 33 बुडीत गावांच्या कहाणीत मराठी वाचकाने ही नोंद विसरू नये. आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांनी ‘अ नर्मदा डायरी’ या माहितीपटात हा काळ टिपून ठेवला. तो 1995 सालचा आहे.

इथे कायद्याकडे थोडे थांबून पाहायला हवे. भाषणस्वातंत्र्यावर बंदी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे जप्त पुस्तक येते किंवा रोखलेले नाटक येते. ‘सखाराम बाइंडर’ आपण विसरलेलो नाही. खोऱ्यातली बंदी वेगळी होती. ती क्वचितच शब्दावर आली, बहुतेक वेळा जागेवर आली. तिचे हत्यार म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 144: जमावबंदी. हे कलम टिकले तेही एका मराठी मुलखातल्या खटल्यात. नागपूरच्या कामगार चळवळीतून आलेल्या बाबूलाल पराते यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्ये ते घटनेशी सुसंगत ठरवले. आणीबाणीची स्थिती असेल तरच आणि थोड्या काळासाठीच ते वापरावे, अशी त्यामागची समज होती. पुढे ती समज झिजत गेली. 1 जुलै 2024 पासून संहिता बदलली आणि 144 चे 163 झाले. अधिकार मात्र तोच राहिला. पुस्तकावर बंदी आली तर निदान लेखक कोर्टात जातो, वर्तमानपत्रे लिहितात. जमावबंदीचा आदेश तहसील कचेरीच्या फळ्यावर डकवला जातो, आणि ज्यांच्यासाठी तो असतो त्यांतल्या अनेकांना तो वाचता येत नाही.

शब्दावरची बंदीही आली, पण ती दिल्लीत आणि नामवंतांवर. धरणाची उंची वाढवायला परवानगी देणारा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 18 ऑक्टोबर 2000 रोजी दिला. डिसेंबरात न्यायालयाबाहेर निदर्शने झाली. काही वकिलांच्या तक्रारीवरून मेधा पाटकर, अरुंधती रॉय आणि प्रशांत भूषण यांना अवमानाच्या नोटिसा निघाल्या. ती तक्रार टिकली नाही. पण उत्तरादाखल रॉय यांनी दिलेल्या प्रतिज्ञापत्रातल्या वाक्यांवरूनच न्यायालयाने स्वतःहून नवे प्रकरण सुरू केले. 6 मार्च 2002 रोजी त्यांना एक दिवसाची कैद आणि दोन हजार रुपये दंड झाला. तो दिवस त्यांनी तिहारमध्ये काढला. ज्या इंग्लंडकडून आपण ‘न्यायालयाची बदनामी’ ही कल्पना घेतली, त्या इंग्लंडने 2013 मध्ये तो गुन्हाच रद्द केला. अमेरिकेत तर 1941 मध्येच तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीशांवरच्या टीकेला मोकळीक दिली. न्यायालयाचा मान टीकाकाराला गप्प करून राखता येत नाही, हे त्या देशांना उमगले. आपल्याकडे कायदा आजही तसाच आहे, आणि तो बदलायला हवा.

2006 मध्ये अभिनेता आमिर खान दिल्लीत जंतरमंतरवर नर्मदा आंदोलनाच्या उपोषणकर्त्यांना भेटला आणि विस्थापितांचे पुनर्वसन व्हावे एवढेच म्हणाला. त्याचा ‘फना’ गुजरातमधल्या जवळजवळ सर्व चित्रपटगृहांनी लावला नाही. कोणत्याही सरकारने आदेश काढला नव्हता. आदेशाशिवाय बंदी कशी होते याचा हा नमुना.

धरणाविरुद्ध बोलण्याची किंमत जगात सगळीकडे सारखी नाही. चीनच्या पत्रकार दाई छिंग यांनी 1989 च्या आरंभी यांगत्सेवरच्या तीन घळींच्या धरणावर तज्ज्ञांचे आक्षेप एकत्र करून पुस्तक काढले. तियानानमेननंतर पुस्तकावर बंदी आली आणि दाई छिंग दहा महिने तुरुंगात गेल्या. तरीही 1992 मध्ये तिथल्या राष्ट्रीय जनसभेत या धरणाच्या ठरावाला सुमारे एक तृतीयांश सदस्यांनी पाठिंबा दिला नाही, आणि त्या सभेत हे नवलच होते. होंडुरासच्या बेर्ता कासेरेस यांनी लेंका आदिवासींच्या पवित्र नदीवरचे धरण रोखले, 2015 मध्ये गोल्डमन पुरस्कार मिळवला आणि मार्च 2016 मध्ये त्यांच्या राहत्या घरी त्यांचा खून झाला. तोच पुरस्कार मेधा पाटकरांना 1992 मध्ये मिळाला होता. भारत चीन नाही, होंडुरासही नाही, आणि याचा अभिमान वाटायला हरकत नाही. पण ‘तिथे याहून वाईट आहे’ हे मनावरच्या शेतकऱ्याला दिलेले उत्तर होऊ शकत नाही.

2017 च्या उन्हाळ्यात सरदार सरोवराचे दरवाजे बंद करायला परवानगी मिळाली आणि सर्वोच्च न्यायालयाने गावे रिकामी करायला 31 जुलैची मुदत घातली. 27 जुलैच्या पहाटे बडवानीच्या राजघाटावरचे स्मारक प्रशासनाने यंत्र लावून उखडले. त्यात महात्मा गांधी, कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई यांच्या अस्थी होत्या. त्याच दिवशी समोरच्या काठावर, कुक्षी तालुक्यातल्या चिखलदा गावात, मेधा पाटकर सहकाऱ्यांसह उपोषणाला बसल्या.

बारावा दिवस 7 ऑगस्ट होता, आणि त्या दिवशी राखी पौर्णिमा होती. संध्याकाळी पोलीस मोठ्या संख्येने मांडवात शिरले, उपोषणकर्त्यांना उचलून इंदूरच्या रुग्णालयात नेले. 9 ऑगस्टला तिथून सुटून बडवानीकडे परतताना वाटेतच पाटकरांना अटक झाली. उपोषणाच्या जागी पुन्हा जाणार नाही असे हमीपत्र त्यांच्याकडे मागितले गेले आणि त्यांनी ते द्यायला नकार दिला, असे तेव्हा सांगण्यात आले. काय बोलणार नाही याची हमी कोणी मागितली नव्हती. कुठे जाणार नाही याची मागितली होती. 1988 मध्ये धरणाच्या भिंतीपाशी जे सुरू झाले होते, ते एकोणतीस वर्षांनी धारच्या तुरुंगात पोचले. तिथे त्या सुमारे दोन आठवडे होत्या. त्या तुरुंगात असताना वरच्या गावांतले लोक पाणी वाढण्याची वाट पाहत होते. 17 सप्टेंबरला धरणाचे लोकार्पण झाले.

खटल्यांचा धागा अजून तुटलेला नाही. 2000 सालच्या एका प्रसिद्धिपत्रकावरून व्ही. के. सक्सेना यांनी केलेल्या बदनामीच्या फौजदारी खटल्यात दिल्लीच्या न्यायालयाने मे 2024 मध्ये पाटकरांना दोषी ठरवले. तोवर सक्सेना दिल्लीचे नायब राज्यपाल झाले होते. 2025 मध्ये शिक्षेऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर सुटका झाली, पण दोष कायम राहिला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही. एका पत्रकाचा निवाडा व्हायला पंचवीस वर्षे लागली. बदनामी हा तुरुंगाचा गुन्हा असावा की केवळ भरपाईचा, हा प्रश्न त्यामुळे अधिकच टोचतो. इंग्लंडने 2009 मध्ये तो फौजदारी कायद्यातून काढून टाकला.

सप्टेंबर 2019 मध्ये जलाशय प्रथमच 138.68 मीटरपर्यंत पूर्ण भरला. ज्या चिखलद्यात बारा दिवस मांडव उभा होता, ते गाव तेव्हा पाण्याखाली गेले.