पावती आणि रसीद

उर्दूत तुम्ही जिला रसीद म्हणता, तिला मराठीत पावती म्हणतात. या दोन शब्दांची एक गंमत आहे. 'रसीद' हा शब्द फारसीतील 'पोचणे' या अर्थाच्या क्रियापदापासून आला आहे. 'पावती'च्या मुळाशी 'पावणे' हे क्रियापद आहे. पावणे म्हणजेही पोचणे, मिळणे. तुमचे पैसे पोचले, हीच गोष्ट दोन्ही शब्द सांगतात.

पण नुसते 'पैसे पोचले' एवढे लिहून भागत नाही. रमजान महिन्यातले शिंप्याचे दुकान डोळ्यांसमोर आणा. ईद जवळ आलेली असते. एक ग्राहक दोन कुर्ते-पायजमे शिवायला टाकतो. शिलाई १,२०० रुपये ठरते. तो ५०० रुपये आगाऊ देतो. गर्दीत शिंपी वहीच्या कोपऱ्यात '५००' लिहून ठेवतो. वीस दिवसांनी कपडे न्यायला ग्राहकाचा भाऊ येतो. शिंपी बाहेर गेलेला असतो आणि दुकानात कारागीर एकटाच असतो. कारागीर १,२०० रुपये मागतो. भाऊ म्हणतो, "सातशेच द्यायचे आहेत." दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नाही, तरी भांडण होते. वहीतले ५०० कोणाचे आणि कशाचे, हे कोण सांगणार?

म्हणून पावतीवर तारीख, ग्राहकाचे नाव, काम, ठरलेली रक्कम, मिळालेली रक्कम आणि बाकी, हे सारे लिहावे. रक्कम अंकांत आणि अक्षरांतही लिहितात. ५०० च्या आधी एक आकडा वाढवला की १,५०० होतात; 'रुपये पाचशे फक्त' यात तसे करता येत नाही.

बाजारात तयार पावतीपुस्तके मिळतात. त्यांत प्रत्येक पावतीवर क्रमांक छापलेला असतो. मध्ये कार्बन पेपर ठेवून लिहिले की दोन प्रती होतात. वरची प्रत ग्राहकाला द्यायची. खालची स्थळप्रत दुकानात राहते. पावती चुकली तर फाडून टाकू नये. दोन्ही प्रतींवर 'रद्द' लिहून त्या पुस्तकातच ठेवाव्यात. नाहीतर मधला क्रमांक कुठे गेला, अशी शंका येते. रोख रक्कम ५,००० रुपयांहून जास्त असेल तर पावतीवर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लावून त्यावरून सही करतात.

"आपण ओळखीचे, पावती कशाला?" असे पुष्कळ लोक म्हणतात. खरे तर ओळखीच्या माणसाला ती आधी द्यावी, कारण त्याच्याशी वाद घालणे जास्त जड जाते.

आता अनेक जण मोबाइलवरून पैसे देतात. मोबाइलवरच्या संदेशात किती रुपये, कोणाला आणि केव्हा दिले, ते कळते. कोणत्या कामाचे दिले आणि बाकी किती राहिली, ते त्यात नसते. तेव्हाही छोटी पावती लागतेच.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल किंवा पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. काम बिघडले आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करायची झाली, तर पावती हा मोठा पुरावा ठरतो. अशी तक्रार सामान्यतः दोन वर्षांच्या आत करावी लागते, म्हणून पावती तोपर्यंत तरी जपून ठेवा. यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत कागदावरची अक्षरे काही महिन्यांत पुसट होतात. तिची लगेच झेरॉक्स काढा.

सुट्टीत तुमच्यापैकी काही जण घरच्या दुकानात बसत असतील. कपडे देताना स्थळप्रतीवर 'बाकी ७०० मिळाले, कपडे दिले' असे लिहा, तारीख टाका आणि नेणाऱ्याची सही घ्या.